वैशालीचे गुरुवार

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तिला वाटतं, मी ऑफिसात फार भला माणूस आहे. असेनही. पण एकदा नव्हतो.

अकोल्याच्या एका बियाणे कंपनीत मी प्रयोगशाळेचा मॅनेजर आहे. वैशाली माझ्या हाताखाली. ओल्या कागदावर बी अंथरायचं आणि किती उगवलं ते मोजायचं, हे तिचं काम. शहराला लागूनच तिचं गाव. तिथल्या शाळेत गणिताच्या मास्तरांची जागा रिकामी होती. नेमकं तेव्हाच कंपनीचं पत्रक आलं — आठवड्यातून दोन तास, कामाच्या वेळेत, शाळेत शिकवायला जाता येईल. मॅनेजरची शिफारस तेवढी हवी. वैशाली त्याच दिवशी अर्ज घेऊन आली. दर गुरुवारी दुपारी, दहावीच्या मुलींसाठी.

तुम्ही म्हणाल, यात अडचण कसली? एक सही तर करायची. पण मी घाबरलो. एक माणूस दर गुरुवारी सोडता येतो, म्हणजे तुमच्याकडे माणसं जास्त झालीत — असं पुण्याच्या मुख्य ऑफिसातले साहेब म्हणाले तर? दुसऱ्या कुठल्या मॅनेजरने अर्ज पाठवल्याचं ऐकलं नव्हतं. मग मीच का पहिला? आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. 'वर पाठवलंय' म्हणायचं. माणूस हळूहळू विचारायचा थांबतो. मीही तेच म्हणालो.

वैशाली थांबली नाही. स्वतःच्या रजा अर्ध्या-अर्ध्या टाकून ती शिकवायला जाऊ लागली. त्या रजांवर मी मुकाट्याने सही करायचो — ती सही मला बरी जमत होती. दिवाळीनंतर तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, वरून नकार आला.

अर्ज मी पाठवलाच नव्हता. माझ्याच टेबलाच्या खणात पडून होता.

जानेवारीत तिच्या रजा संपल्या आणि गुरुवार बंद झाले, परीक्षा तोंडावर असताना. त्या वर्गातल्या दोन मुली गणितात राहिल्या. एक पुन्हा बसली. दुसरी वैशालीची चुलत बहीण — तिची शाळा कायमची सुटली. शिकवणं चालू राहिलं असतं तर ती पास झालीच असती का? माहीत नाही. हा प्रश्न मी माझ्या सोयीसाठी विचारतो, हेही मला कळतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वैशाली माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, कळलं हिला.

"सर, तुमी तं माह्यासाठी लय खटपट केली," ती म्हणाली. "वरच्यायनंच आयकलं नाही, त्याले तुमी काय करसान?"

मी मान हलवली. निदान तिथं तरी गप्प बसावं ना? नाही — वरच्यांना इथलं काय कळतं, असं म्हणून मी तिच्यासोबत त्यांना नावं ठेवली. तिने माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलो.