सोळावी काच

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांनी तीस वर्षं शार्कच्या न जन्मलेल्या पिल्लांचे मेंदू कापले. मेंदू मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, एकेक काचेवर चिकटवून ओळीने लावायचे. एवढं करून घरी बायको म्हणायची, "डोकं कधी वापरणार तुम्ही?"

एकदा सोळावी काच हातातून निसटून फुटली, आणि सर तर वर्गात येऊन ठेपलेले. मामांनी शेजारच्या खणातून माणसाच्या कोवळ्या गर्भाच्या मेंदूची काच काढली, चिठ्ठी बदलली आणि गुपचूप ओळीत सरकवली. इतक्या कोवळ्या वयात दोघांचे मेंदू सारखेच दिसतात, हे मामांना पाहून पाहून ठाऊक होतं. सरांना पुस्तकातून ठाऊक असायला हवं होतं.

सरांनी नेमकी तीच काच पडद्यावर दाखवली. "हा शार्कचा मेंदू. किती मागासलेला आहे बघा. आपला कुठे आणि हा कुठे." मुलांनी ते वहीत उतरवलं.

मामांना रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खऱ्या शार्कची नवी काच करून आणली. सरांनी ती पाहून नाक मुरडलं.

"ही नको, मामा. कालचीच राहू द्या. तिच्यात मागासलेपण कसं ठळक दिसतं."