आप्पांनी माझं नाव घेतलं नाही

मंडळी, दुपारपासून तोंड लपवून बसलोय. आता तुमच्यापुढं येतो.

आज सुट्टी होती, म्हणून भांडगावच्या माळावर गवताळ रान कसं जपायचं ते शिकायला गेलो. गवतं ओळखायला शिकवायला वस्तीवरचे मेंढपाळ आप्पा आले होते. चालता चालता शिबिर घेणाऱ्या मॅडम थांबल्या. समोर ओळीनं खड्डे, त्यात वाळलेल्या काटक्या आणि सगळीकडं माजलेलं गाजरगवत.

"झाडं लावायच्या नादात चांगल्या माळाची वाट लावली. कुणी खणले हे?"

मीच. चार वर्षांपूर्वी कुरकुंभच्या आमच्या कंपनीच्या वृक्षारोपणाला जेसीबी मीच आणला होता. तेव्हा याच आप्पांनी सांगितलं होतं, "सायेब, हितं पवन्या गवत येतं, टिटवी अंडी घालती. झाडं दुसरीकडं लावा की." मी हसलो होतो. "आप्पा, ओसाड जागा हिरवी करतोय. मेंढरं जरा लांब न्या."

आज आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी बुटांकडं बघत राहिलो.

"आसंल कुनीतरी," ते म्हणाले. "तवा कळलं नसंल त्याला. शिकंल की."

आणि पेरायला आणलेलं पवन्याचं बी सगळ्यांत आधी माझ्याच ओंजळीत घातलं. मी ते माझ्याच खड्ड्यांच्या कडेनं पेरलं.

उद्या त्यांच्या वस्तीवर जातोय. काय बोलू, सुचत असेल तर सांगा.

त्या वृक्षारोपणाचा फोटो अजून माझ्या प्रोफाइलवर आहे. तुम्हीच भरभरून लाईक दिलेत. मोठा करून बघा. माझ्या मागं मेंढरं घेऊन लांब चाललेले आप्पा दिसतील.

मला ते आज दिसले.