जाड झालाय, परत घे

वसुधा गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात साडीचा फॉल घेत होते. दुकानदार विचारत होता, अक्का, हा रंग चालेल का? मी मान हलवली आणि भलताच रंग घेऊन घरी आले. महिना होत आला, तो फॉल तसाच पडून आहे...

धारवाडच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्राला होतो. मी मार्कांमागे धावणारी, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. वसुधाचं सगळंच उफराटं. देठाचा पातळ काप घ्यायला आम्ही ब्लेड घेऊन बसायचो. एक काप जेमतेम जमला की मी चित्र काढून मोकळी. ती तो उजेडाकडे धरून म्हणायची, "जाड झालाय. परत घे." कॅन्टीनमधलं चुरमुऱ्यांचं गिरमिट मऊ पडायचं, हिचं आपलं परत घे, परत घे. भारी राग यायचा मला.

दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मात्र कहर झाला. सूर्यफुलाच्या देठाचा तिचा काप इतका सुरेख आला, की ती सूक्ष्मदर्शकावरून डोळाच काढेना. बाकीचे प्रश्न कोरे राहिले आणि फर्स्ट क्लास हुकला. तिचे अप्पा हुबळीत वकील, राहायचे देशपांडे नगरात. फर्स्ट क्लास गेला तर कॉलेज बंद आणि स्थळं बघायची, असं त्यांनी आधीच बजावलं होतं, आणि अप्पा शब्द फिरवत नसत. निकाल सांगायला ती मला सोबत घेऊन गेली.

अप्पा भिंगातून जुने दस्त वाचत बसले होते. प्रश्न कोरे का सोडले, एवढंच त्यांनी विचारलं. आता ही रडणार, असं मला वाटलं. ती परसात गेली, सूर्यफुलाचा देठ आणला, अप्पांच्याच दाढीच्या ब्लेडनं काप घेऊन बशीतल्या पाण्यात सोडला. तो तिला जाड वाटला. अशा वेळीसुद्धा! दुसरा घेतला...

"बघा की अप्पा, ठिपक्यांचं कसं कडं आहे. यातनंच पाणी वर चढतं."

अप्पांनी भिंग धरलं. बशी उजेडाकडे सरकवली. मग म्हणाले, "जोंधळ्यात पण असंच असतं काय?"

जोंधळ्यात ठिपके विखुरलेले असतात. ते समजावण्यात संध्याकाळ गेली. उठताना अप्पा कानडीत "आयतु" म्हणाले, म्हणजे ठरलं, आणि भिंग तिच्या हातात ठेवून म्हणाले, "जा कॉलेजला."

पुढं ती त्याच विषयाची प्राध्यापक झाली. तिच्या वर्गाचे निकाल काही फार चमकायचे नाहीत, म्हणून मी टोमणे मारायची. ती हसायची. ते हसू ऐकावंसं फार वाटतं आता.

परवा भाचीनं ते भिंग मला आणून दिलं. दुपारी कुंडीतल्या तेरड्याचा देठ तोडला, बशीत पाणी घेतलं, काप घेतला. खिडकीशी जाऊन उजेडात धरून पाहिला. जाड झाला होता. सांगायला कुणी नव्हतं.

मी परत घेतला.