सात अंशांचा फरक

हॉस्पिटलात तिचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला ती दुसऱ्याच दिवशी गाठायची आणि "वाकवा, अजून जरा वाकवा" असा धोशा लावायची. म्हणून तळमजल्यावरची ही फिजिओथेरपिस्ट सगळ्यांची वाकवाबाई झाली. पेशंट तिला पाहिलं की पांघरूण डोक्यावर ओढायचे, आणि बरे होऊन घरी जाताना तिचाच हात सोडायचे नाहीत.

तेव्हाची रीत अशी, की पेशंटला आडवं निजवायचं आणि तिनं पाय धरून हळूहळू दाबायचा. माणसं भीतीनं पाय ताठ करायची; मग दुखणं आणखी वाढायचं. एकदा एक शिंपी तिची वाट बघत खिडकीपाशी उंच स्टुलावर बसला होता. गप्पांच्या नादात त्यानं बरा पाय ऑपरेशनच्या पायावर टाकला आणि त्यालाच मागे रेटत राहिला.

"तुम्ही दाबता तेव्हा धडकी भरते," तो म्हणाला. "हा माझाच पाय. तो जपून दाबतो."

वाकवाबाईच्या डोक्यात ते पक्कं बसलं. तिनं मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढली आणि पुढच्या पेशंटांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. बारा जण निजून, बारा जण स्टुलावर. दीड महिन्यानं गुडघे किती अंश वाकतात ते मोजलं. निजणाऱ्यांची सरासरी चौऱ्याण्णव अंश, स्टुलावरच्यांची एकशे एक. त्या दिवशी ती घरी जवळजवळ नाचतच गेली.

तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. रविवारी ती आकडे घेऊन त्यांच्याकडे गेली. भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला, कॅल्क्युलेटर बडवला आणि मान हलवली.

"फरक सिद्ध होत नाही."

"सात अंश आहेत की, भाऊजी."

"आहेत. पण एकाच गटात बघ, कुणी ऐंशीला अडकलाय, कुणी एकशे दहाच्या पुढे गेलाय. माणसामाणसात एवढी तफावत, त्यात माणसं मूठभर. दोन्ही पद्धती अगदी सारख्या असत्या, तरी निव्वळ नशिबानं एवढा फरक दहा वेळांतून एकदा दिसला असता. आम्ही रेघ मारतो ती विसातून एकदावर. तू रेघेच्या अलीकडेच राहिलीस."

"म्हणजे स्टुलाचा काही उपयोग नाही."

"तसं नव्हे गं," ते म्हणाले, पण तेवढ्यात आतून बहिणीची जेवायची हाक आली. "माणसं कमी पडली. आणखी घे," असं उठता उठता म्हणत ते हात धुवायला गेले.

तिच्या कानात राहिलं ते पहिलंच वाक्य. सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "फरक नाही ना? मग नसते उद्योग कशाला?" फरक नाही असं नाही, तो अजून सिद्ध झालेला नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण तिलाच ते नीट उमगलं नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर ती थोडी हिरमुसलीही होती. आणखी वर्षभर मोजमाप करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. स्टुलं अडगळीत गेली.

मधे बरीच वर्षं उलटली. आई गेल्यावर तिला जिनं वाढवलं त्या आत्याचा गुडघा बदलायची वेळ आली. ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात, व्यायाम तिच्याच हातून, निजवून. साठी उलटली तरी सायकलवरून गावभर हिंडणारी बाई. पण वाकवाबाईनं पाय दाबला, की आत्या लहान मुलीसारखी अंग आखडून घ्यायची.

"अगं, तू आहेस म्हणून सोसते," ती म्हणायची आणि पाय आणखीच ताठ करायची.

त्या सायकलचं पायडल पुरतं फिरायला गुडघा एकशे पाचपर्यंत तरी वाकायला हवा होता. आत्याचा अठ्ठ्याण्णववर अडला. सीट वर करून पाहिली, तर पाय जमिनीला टेकेनात. शेवटी आत्यानं सायकल शेजारच्या नर्सला देऊन टाकली.

गेल्या वर्षी विभागात नवी आलेली मुलगी जेवताना सांगू लागली. दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलात दोन्ही गटांत दीडदीडशे पेशंट घेतले होते. एक गट निजून, दुसरा उंच स्टुलावर, आपलाच पाय आपण रेटणारा. फरक सहा अंशांचा, आणि तो नशिबाचा खेळ म्हणायला जागाच उरली नव्हती. वाकवाबाईचा घास हातातच राहिला.

संध्याकाळी ती तडक भाऊजींकडे गेली. ते आता निवृत्त झाले होते.

"म्हणजे माझा फरक खरा होता."

"बहुतेक खरा होता. दिसून यायला माणसं पुरली नाहीत." भाऊजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "सिद्ध झालं नाही म्हणजे नाही असं नव्हे, हे जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. तुला मात्र जेवणाच्या घाईत सांगितलं."

"आत्याची सायकल सुटली नसती, भाऊजी."

"ते कसं म्हणणार? सरासरी सगळ्यांची मिळून असते. एका गुडघ्याचं ती काही सांगत नाही. कदाचित आत्याचा तसाही अडला असता."

बोलणं खरं होतं, पण त्यातल्या 'कदाचित'नं तिला पुढे कित्येक दिवस छळलं.

अखेर तिनं आत्याला सगळं सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता बसव मला स्टुलावर."

"आता उपयोग नाही, आत्या. ते पहिल्या काही आठवड्यांतच जमतं."

आपल्या गुडघ्यावरून आत्यानं एकदा तळवा फिरवला.

"आता येतात त्यांना तरी बसवतेस का?"

"बसवते."

"बरं," आत्या म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.