सेक्शन बावीस, रांग चौदा

हॅप डिलेनी गेल्याची बातमी रुडी पाल्चकला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्ध्या डोक्याचे केस कापून झाले होते. रेडिओवर नाव ऐकताच न्हाव्याने मशीन बंद केलं, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ परत आलाच नाही. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाचा जीव हॅपसाठी हळहळला. रुडीला मात्र वेगळीच धास्ती पडली. आता शनिवारी फायर हॉलमध्ये, अग्निशामक दलाच्या त्या सभागृहात, सगळे जमणार, आणि उभं राहून बोलावं लागणार.

हॅप क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, शहराच्या फुटबॉल टीमचा, पण नदीकाठच्या आमच्या पोलादी गावांनी त्याला केव्हाच आपला करून टाकला होता. दोनदा मोडलेलं नाक, हेल्मेटला जाळी लावायची नाही हा हट्ट, आणि हात असा की चेंडू सुटला की बघणाऱ्याने आधीच उभं राहावं. बासष्टच्या डिसेंबरात सामन्याचा चौथा आणि शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा टीम वीस-शून्य मागे होती. हॅपने तीन टचडाउन काढून, प्रत्येकाचे सात असे एकवीस गुण करून, एका गुणाने सामना जिंकला. घरच्या मैदानावरचे सामने तेव्हा आमच्या भागात टीव्हीवर दाखवत नसत, आणि दुसरीकडे दाखवला त्याची फीत चॅनलने पुढे पुसून टाकली. म्हणजे तो सामना उरला तो बघणाऱ्यांच्या डोक्यात. आणि बघणारे तर वर्षागणिक वाढतच गेले. मैदानात माणसं मावायची तीस हजार. आमच्या काउंटीत ‘मी होतो तिथं’ म्हणणारे त्याच्या तिप्पट निघतील.

जुना खेळाडू गेला की हॉलमध्ये जमायचं, कोबी घातलेल्या शेवया आणि पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खायच्या, आणि एकेकाने उठून मैदानात आपण बसलो तो सेक्शन आणि रांग सांगून मग काय बघितलं ते बोलायचं, ही आमची रीत. रुडी दर वेळी म्हणायचा, “सेक्शन बावीस, रांग चौदा.” त्यात तसूभरही खोटं नव्हतं. पाकिटात तिकिटाचा अर्धा तुकडा होता, पिवळा पडलेला. अख्ख्या गावात असा तुकडा त्याच्या एकट्याकडे, म्हणून त्याचा मान मोठा.

तिकिटं पोलादाच्या मिलच्या सोडतीत लागली होती. रुडीने वडिलांना नेलं. श्टेफान पाल्चकने एकतीस वर्षं भट्टीवर काढली होती, फुप्फुसं कामातून गेली होती. या देशाची भाषा तो शिकला तीच मुळी रेडिओवरच्या सामन्यांमधून, डॉक्टरलासुद्धा सांगायचा, “आज श्वास दहा यार्ड मागे आहे.” मैदान त्याने आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं.

आणि तिसरा क्वार्टर संपता संपता रुडी म्हणाला, “चला बाबा, बसला गर्दी होईल.”

“थांब रे जरा. हॅप आहे अजून.”

“काय राहिलंय आता त्यात? तुम्हाला खोकला लागलाय.”

खोकला हे निमित्त. खरं तर रुडीचेच पाय गारठले होते आणि टीमला मार खाताना बघवत नव्हतं. त्याने बापाला दंडाला धरून उठवलं. बसस्टॉपवर उभे असताना मागून मैदानातल्या जल्लोषाचा पहिला आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याला तर स्टॉपच्या पत्र्याचं छप्पर थरथरलं. श्टेफानने मैदानाकडे तोंड केलं ते बस येईपर्यंत वळवलं नाही.

संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात मिलचे सगळे गोळा झाले, तर म्हातारा रुडीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “आम्ही बापलेक होतो ना तिथं. सगळं बघितलं.” पोराची नाचक्की होऊ नये म्हणून. मार्चमध्ये तो गेला. त्याने रुडीला माफ केलं असं म्हणवत नाही. त्याने ते झाकलं, आणि झाकलेल्याची माफी मागायची तरी कशी? रुडी एक्कावन्न वर्षं ते झाकण धरून बसला होता. पेपरात वाचलेलं, इतरांकडून ऐकलेलं जोडून जोडून तो सामना सांगायचा, आणि इतका झकास सांगायचा की लोक दरवर्षी मागून घ्यायचे.

शनिवारी हॉल भरला. बर्नी स्टॅन्केविच दारावर होता. हॉलची व्यवस्था त्याच्याकडे आणि गावाला टोमणे मारायचं कामही त्याच्याकडेच. “ये रे बाबा, पुराव्यानिशी साक्षीदार आला. केस अर्धेच का कापलेत? तिकिटासारखे?”

रुडीला हसू आलं नाही. बर्नीने त्याला कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं. तिथे साठीला टेकलेली एक बाई बसली होती. “ही मॉरीन. हॅपची मुलगी. सकाळपासून सगळ्यांना विचारतेय, आम्ही म्हटलं रुडीलाच विचार.”

मॉरीनने आधी तिकिटाचा तुकडा हातात घेतला. नंबर वाचला आणि तिचे डोळे भरले. “मिस्टर पाल्चक, बावीसमध्येच आई बसायची. खाली, पहिल्या रांगेत. तुम्हाला ती समोरच दिसली असेल.”

रुडी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

“शेवटचा टचडाउन झाल्यावर बाबांनी हेल्मेट काढून तिच्याकडे बघून वर धरलं, असं ते मरेपर्यंत सांगत होते. आई म्हणायची, साफ खोटं, त्याने आयुष्यात कधी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मी आठ वर्षांची असताना ती घर सोडून गेली. दोघंही आता नाहीत. कोण खरं बोलत होतं एवढंच मला हवंय. सोमवारी त्यांना पुरायचंय, आईशेजारी पुरू की नको ते मला कळत नाहीये.”

‘हो, धरलं होतं.’ तीन शब्द. जिभेवर आले होते. बाई सुखाने घरी गेली असती, बर्नीने पाठीत थाप मारली असती. म्हाताऱ्या बापानेही मायेपोटी असेच तीन-चार शब्द टाकले होते, आणि रुडीचं आयुष्य त्याखाली दडपून गेलं होतं. या बाईच्या डोक्यावर आता आपण ते ओझं ठेवायचं? त्याने टेबलाची कड धरली.

“मी बघितलं नाही,” तो म्हणाला. “मी तेव्हा बसस्टॉपवर होतो. बाबा थांब म्हणत होते. मी त्यांना ओढून बाहेर काढलं.”

आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. शेजारच्या खुर्चीत टेकलेल्या बर्नीचं तोंड उघडंच राहिलं.

मॉरीनला राग आला नाही, ती घाबरली. “मग दुसरं कोण होतं?” तिने हॉलकडे वळून विचारलं. “तुमच्यापैकी कुणी तरी असेल ना. सेक्शन कुठलाही चालेल.”

रुडीनेही वळून बघितलं. आता तोही आशेनेच बघत होता. बर्नी म्हणायचा सेक्शन नऊ. न्हावी म्हणायचा सोळा, खांबामागे. दर वेळी उठून बोलणारे तीस-पस्तीस जण बसले होते, आणि प्रत्येक जण खाली मान घालून आपल्या ताटातल्या शेवया बघत होता. बर्नी एकदा खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

मॉरीनने तिकिटाचा तुकडा रुडीसमोर सरकवला. “तुम्ही काय ऐकलं, ते तरी सांगाल?” तिने विचारलं.

“तीन आवाज,” रुडी म्हणाला. “तिसरा सगळ्यात मोठा.” पुढे त्याला सांगता येईना, कारण तिसऱ्या आवाजाच्या वेळी तो मैदानाकडे बघतच नव्हता. तो बापाच्या पाठीकडे बघत होता.