डावा खांदा, उजवा खिसा

माझी धाकटी बहीण म्हणजे लहानपणापासून गरीब गाय. नवरा वारला तशी ती माझ्याकडे राहायला आली. आमच्या पुढच्या खोलीतच माझं शिलाईचं दुकान. मी शिवायचे, ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. हात असा की टाका शोधून सापडू नये, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. मी ही अशी बडबडी. गिऱ्हाईकं विचारायची, "सख्ख्याच ना गं तुम्ही?"

म्हणून तर ती 'मला देव दिसतो' म्हणाली तेव्हा मी झटकन विश्वास ठेवला. जिला साधी घासाघीस करता येत नाही, ती थापा काय मारणार?

तेव्हा माझा मुलगा बोटीवर कामाला गेला होता आणि बोट बुडाली होती. बाकीची माणसं सापडली, काही जिवंत, काही नाही. हा सापडलाच नाही. मी अन्नाला शिवत नव्हते. एका सकाळी धाकटी जवळ येऊन बसली. "ताई, डोळे मिटले आणि समोर देव उभा राहिला गं. त्यानं तुझा मुलगा दाखवला. हसत होता. निळा शर्ट, उजवीकडे खिसा."

निळा शर्ट मीच शिवून दिला होता. पण खिसा? मी जन्मात कधी शर्टाला उजवीकडे खिसा लावलेला नाही! दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, हिचं काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, अगं बाई, म्हणजे हा माझा शर्टच नव्हे! तिकडे कुणीतरी त्याला नवा शिवून दिलाय. म्हणजे पोरगं जिवंत आहे, नवे कपडे घालतंय. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आमचे हे म्हणायचे, "अगं, मान्य कर आता." त्यांचे डोळे भरून आले की मी अंगावर धावून जायचे. "जिवंत लेकरासाठी रडता? माझ्या घरात हे अभद्र नको." मग ते बिचारे मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे. मला ऐकू यायचं. मी मशीन आणखी जोरात चालवायचे.

बातमी पसरली, आमच्या गिऱ्हाईक बायका देवाचं विचारायला यायला लागल्या. धाकटी डोळे मिटून एकीला पोटावरचा टाक्यांचा व्रण सांगायची, दुसरीला मानेखालचा तीळ. बायका गार! कुणी शंका काढलीच, तर मी कंबर कसून उभी. "ती सुईतून मान वर करत नाही हो, तिला काय ठाऊक?" माझ्यासारखी फटकळ बाई ग्वाही देतेय म्हटल्यावर कोण बोलणार?

एकदा शाळेतली एक मास्तरीण आली. तिचे कपडे मीच शिवायचे. धाकटीनं डोळे मिटले. "देवानं तुमच्या डाव्या खांद्यावरचा भाजल्याचा डाग दाखवला."

"डाव्या नाही, उजव्या."

"देवाला कसलं आलंय डावं-उजवं!" धाकटी म्हणाली. बायका हसल्या, मास्तरीणही हसली. मी मात्र हसले नाही. डावं-उजवं चुकण्याची ही दुसरी वेळ होती.

सगळ्या गेल्या. धाकटी चहा टाकायला आत गेली, आणि मी पहिल्यांदाच तिच्या स्टुलावर बसले. समोर कपडे घालून बघायचा आडोसा. त्याचा पडदा एका बाजूनं तोकडा. फटीतून माणूस दिसत नाही, पण आतला आरसा दिसतो. मी उठले, शिवून झालेला एक शर्ट दुकानातल्या पुतळ्याला चढवला, पुतळा आत आरशासमोर ठेवला आणि परत येऊन बसले. आरशातला पुतळा माझ्याकडे तोंड करून उभा होता. खिसा उजवीकडे.

निघायच्या दिवशी पोरानं निळा शर्ट तिथंच घालून पाहिला होता. आरशात स्वतःकडे बघून हसला होता. धाकटी याच स्टुलावर होती.

ती चहा घेऊन आली. मला तिथं बसलेलं पाहिलं आणि जागीच थबकली.

"इथूनच दिसतो ना गं तुला देव?"

"ताई, तू जेवत नव्हतीस."

"आणि बाकीच्या बायका? त्याही उपाशी होत्या का?"

तिनं कप मशीनवर ठेवला. मग म्हणाली, "मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं गं."

मला तिचा गळा धरावासा वाटला. परक्यानं फसवलं असतं, तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. इथं माझ्या पाठच्या बहिणीनं माझ्या लेकराचं शेवटचं हसू उचललं आणि देवाचं नाव लावून मलाच आणून दिलं. आणि मी येईल त्या बाईला तिची ग्वाही देत राहिले!

चहा तसाच ठेवून मी आत गेले. मोरीत नळ चालू होता. मी दार ढकललं आणि नळ बंद केला.

"अहो," मी म्हटलं, "बाहेर या. बाहेर बसून रडू."