शेजारी थांबायचे तेव्हा

शेजारी बोलता बोलता थांबायचे. विसरले म्हणून नाही, दम लागला म्हणूनही नाही. एखादं गमतीचं वाक्य टाकलं की भुवया किंचित वर जायच्या, उजवा हात अर्धवट उचललेला राहायचा आणि ते स्तब्ध व्हायचे. समोरचा हसला की हात खाली यायचा आणि पुढचं वाक्य सुरू. समोरचा नाहीच हसला, तरी ते तेवढेच थांबायचे. कुवेतमध्ये जलीब भागात त्यांच्या खोलीत राहणारे चिपळूणकडचे प्लंबर म्हणायचे, "ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे मध्ये मध्ये सिग्नल लागतो."

'शेजारी' हे त्यांचं आडनाव नव्हतं, ती त्यांची भूमिका होती. सत्तरच्या दशकात मुंबईच्या टीव्हीवर 'दार लोटलंय' नावाची विनोदी मालिका लागायची. जेमतेम एक तिमाही चालली. तुम्हाला आठवत नसेल तर त्यात तुमची चूक नाही, कुणालाच आठवत नाही. तिच्या प्रत्येक भागात एक शेजारी दारात उभा राहून विचारायचा, "वहिनी, शिडी आहे का हो?" शिडी त्याला कशाला हवी असते ते शेवटपर्यंत कळायचं नाही. तो शेजारी म्हणजे हे. नाटकातली कामं आटल्यावर ते कुवेतला आले आणि शुवैखमधल्या एका एसी कंपनीत स्टोअरकीपर झाले. म्हणायचे, "तिकडे आयुष्यभर मागत होतो, इकडे देतो." मग थांबायचे. "पण सही घेऊन."

आमची ओळख तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून नुकताच आलो होतो. प्रसादाच्या रांगेत पुढच्या माणसाने मागे वळून विचारलं, "द्रोण आहे का हो एखादा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही शिडीवाले ना?" त्यांच्या हातातला शिरा तसाच राहिला. अख्ख्या कुवेतमध्ये त्यांना सापडलेला मी एकमेव प्रेक्षक. पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "हसला होतात?" मी म्हटलं, "हो तर, खूप." खरं म्हणजे शेजारच्यांच्या घरी, त्यांच्या सतरंजीवर, आईने सांगितलं होतं तसं हाताची घडी घालून मी ती मालिका पाहिली होती. हसल्याचं काही आठवत नव्हतं. पण अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर दर शुक्रवारी ते महबूलाला आमच्याकडे जेवायला यायचे. माझी बायको अलका त्यांच्यासाठी दार मुद्दाम लोटून ठेवायची. बेल न वाजवता ते दारात उभे राहायचे. "वहिनी, शिडी आहे का हो?" आमची ईशा तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. ती आतून ओरडायची, "काका, वुई हॅव अ लिफ्ट!" ते थांबायचे, आम्ही हसायचो, हात खाली यायचा आणि मगच ते चपला काढायचे.

जेवताना विषय एकच, मालिका का चालली नाही. दर शुक्रवारी नवं कारण. "शेतीच्या कार्यक्रमानंतर लावायचे आम्हाला. लोक खतं ऐकून पेंगलेले असायचे." कधी नायिकेवर यायचे. तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली आणि पुढच्या भागात दुसरीच बाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बायको बदलली, आणि नवऱ्याने विचारलंसुद्धा नाही!" मला त्यांचं सगळ्यात पटणारं कारण वेगळं होतं. म्हणायचे, "तेव्हा चाळीत एकाकडे टीव्ही. दहा घरं त्याच्याकडे. परक्याच्या घरी माणूस चहा पितो रे, हसत नाही." आणि शेवटी नेहमीचा उसासा, "टेपा पुसल्या ना. आमच्यावर कुणीतरी कबड्डी रेकॉर्ड केली. टेपा असत्या तर आज लोक पुन्हा पुन्हा बघत बसले असते, पाटणकर. जुनं सोनं झालं असतं तिचं."

हा एवढा विश्वास त्यांच्याजवळ होता. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आपण एकदा काहीतरी चांगलं केलं होतं आणि ते परिस्थितीने पाडलं, एवढ्यावर तो माणूस स्टोअरच्या पत्र्याखाली पन्नास डिग्रीत उभा राहायचा.

आणि एक टेप सापडली. त्यांच्या पुतण्याला कुणाकडून तरी एक भाग मिळाला, त्याने तो व्हिडिओ कॅसेटवर उतरवून रजेवरून परतणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना अर्धा तास दिलाच होता. 'दार लोटलंय'चा एक प्रवेश बसवायचा, मी नवरा आणि अलका वहिनी. तेव्हा तालमीआधी मूळ भाग बघू, म्हणून आम्ही मंडळातल्या चार-पाच जणांना जेवायला बोलावलं. शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. टीव्हीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून बसले.

चित्र धुरकट होतं, पण दिसत होतं. नवरा एक वाक्य म्हणाला आणि थांबला. बायको थांबली. मग ती बोलली, दोघंही थांबले. दार उघडलं, तरुण शेजारी आत डोकावले, शिडी मागितली, आणि हात अर्धवट उचलून उभे राहिले. पडद्यावर शांतता. आमच्या हॉलमध्ये एसीची घरघर. मी हसायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण हसू असं ठरवून आणू म्हटलं की येत नाही. सगळे भलेपणाने हसण्याच्या बेतात यायचे आणि तोवर पुढचं वाक्य आलेलं असायचं. शेजारी एकेका चेहऱ्याकडे बघत होते.

पाहुणे गेले तरी ते बसून होते. "पाटणकर, खरं सांग. का पडली?"

मी फारसा बोलणारा माणूस नाही. ऑफिसात, घरात, मला सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवय. पण त्या दिवशी मला उत्तर सापडलं होतं, आणि इंजिनिअरला बिघाड सापडला की त्याला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही सगळे हशासाठी थांबताय. समोर प्रेक्षक नाही आणि तुम्ही थांबताय. त्या थांबण्यात ती मेली."

त्यांनी उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "नाटकासारखी महिनाभर तालीम केली होती रे. हशा कुठे पडणार ते धरून. स्टुडिओत आवाज करायची सगळ्यांना मनाई. एक कॅमेरामन तेवढा तोंडावर रुमाल धरून हसायचा." थोडं हसले. "आम्ही बहुतेक त्याच्यासाठी थांबत होतो." आणि मग, "दिवाळीत काय करू?"

"थांबू नका," मी म्हटलं.

दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. फराळ झालेला, पैठण्या सळसळताहेत, पोरं खुर्च्यांमधून पळताहेत. आपल्याच माणसांत बसलेले आपले लोक, कुणाच्या परक्या घरी नव्हे. शेजारी दारात आले. "वहिनी, शिडी आहे का हो?" आणि हॉल हसला. मागच्या रांगेपर्यंत, टाळ्यांसकट. चाळीस-पन्नास घरं एकदम.

ते थांबले नाहीत. पुढचं वाक्य त्यांनी त्या हशाच्या खालीच म्हटलं, मग त्याच्या पुढचं. मी सांगितलं होतं तसं, एक श्वासही न घेता. कुणालाच काही ऐकू आलं नाही. हशा ओसरला तोवर चार विनोद वाहून गेले होते आणि प्रेक्षक एकमेकांना विचारत होते, "काय म्हणाले?" मी स्टेजवर त्यांच्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो. डोळ्यांनी खुणावलं, माझं वाक्य मुद्दाम लांबवलं. त्यांना वाटलं मी विसरलो, म्हणून त्यांनी माझंही वाक्य घाईघाईने म्हणून टाकलं. अर्ध्या तासाचा प्रवेश पंधरा मिनिटांत संपला. विंगेत अलका म्हणाली, "काका, किती हसले लोक!" ते म्हणाले, "हो का? मला ऐकू नाही आलं."

तिथून ते थांबेनासेच झाले. शुक्रवारी दारात यायचे, शिडीचं वाक्य म्हणायचे आणि त्याच दमात चपला काढत "काय केलंय आज, वांगी का?" आम्ही हसेपर्यंत ते बेसिनपाशी पोचलेले. मालिका का पडली हा विषयही बंद झाला. कारण कळलं होतं ना. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, पूर्वीसारखं थांबा ना हो." तर म्हणाले, "नको रे. तू बरोबर सांगितलंस." बिघाड काढायला गेलो आणि चालू भागच काढून टाकला. हे मी आजवर अलकालाही बोललो नव्हतो.

साठी झाल्यावर कंपनीने त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे वाढवला नाही. एअरपोर्टवर दोरीने बांधलेला खोका ट्रॉलीवर चढवताना अलका म्हणाली, "काका, शिडी घेतलीत ना?" "घेतली घेतली, चला, उशीर होतोय," म्हणत ते आत गेलेसुद्धा.

पुढे चिपळूणला पुतण्याकडे होते, शेवटी शेवटी अंथरुणाला खिळलेले. मी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, किराणा दुकानातून, स्वस्तातलं फोनकार्ड आणायचो. ते जाण्याच्या आधीचा शेवटचा फोन असाच कार्डावरून केलेला. पुतण्याने रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. "काका, पाटणकर बोलतोय." खूप वेळ खरखर. मग आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. "वहिनींना विचार, शिडी आहे का."

आणि ते थांबले.

मी हसलो. ठरवून नाही, आपोआप. पण त्या कार्डावर आवाज तिकडे पोचायला वेळ लागायचा. माझं हसू समुद्रावर कुठेतरी होतं आणि तिकडे शांतता होती. मला ते कळत होतं आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

"पाटणकर? आहेस ना रे?" त्यांनी विचारलं. मग क्षणभराने, "हां. आलं, आलं."

ते पुन्हा थांबले. पुढचं वाक्य ते म्हणणार होते की नाही, मला माहीत नाही. मी मध्ये बोललो नाही. कार्ड संपल्याचा बीप वाजेपर्यंत मीही थांबलो.